गळलेले दोन शब्द

मंडळी, आज मी उडण्याबद्दल बोलणारच नाही. हँगरपासून धावपट्टीपर्यंत जायला जी पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यापुरतंच बोलायचं आहे. इथे कॅलिफोर्नियात आपल्यातले कितीतरी जण शनिवारी सकाळी क्लबचं विमान घेऊन निघतात. इंजिन सुरू होतं, ग्राउंडची, म्हणजे जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाची, परवानगी मिळते आणि मन केव्हाच हवेत पोचतं. विमान अजून जमिनीवर असतं.

८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. खासगी विमानं पश्चिमेच्या एप्रनवर, म्हणजे विमानांच्या तळावर, उभी असत. तिथून निघणारी पिवळी रेघ पुढे दुभंगायची. डावीकडची वाट रोमिओ ५, उत्तरेला जाऊन धावपट्टीच्या टोकाला वळसा घालणारी. उजवीकडची रोमिओ ६, थेट धावपट्टी कापणारी. एका सेसना सायटेशन जेटला नियंत्रकाने सांगितलं : रोमिओ ५ वरून उत्तरेकडे जा, आणि मुख्य धावपट्टीच्या वाढीव भागापाशी स्टॉप बारला, म्हणजे थांबायच्या लाल दिव्यांच्या ओळीला, पोचलात की कळवा. वैमानिकाने रीडबॅक दिला, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली : रोमिओ ५ वरून जातो, मुख्य धावपट्टीच्या आधी कळवतो. ‘उत्तरेकडे’ गळलं. ‘वाढीव भाग’ही गळला. नियंत्रकाने ते पकडलं नाही, आणि विमान उजवीकडच्या रेघेला लागलं.

थोड्या वेळाने वैमानिक म्हणाला, सिएरा ४ जवळ येतोय. सगळं सावरायची घटका होती ती! सिएरा ४ ही खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण नकाशात नव्हती आणि नियंत्रकाला ठाऊकही नव्हती. विमान रोमिओ ५ वरच आहे असं धरून त्याने पुढे जायला सांगितलं. जुनं ग्राउंड रडार काढलेलं, नवं अजून सुरू व्हायचं होतं. रोमिओ ६ वरच्या लाल दिव्यांची कळ टॉवरच्या हातात नव्हती. सेसना ते दिवे ओलांडून धावपट्टीवर गेली, आणि त्याच धावपट्टीवर स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८७ उड्डाणासाठी पूर्ण वेगात धावत होतं. दोन्ही विमानांतले सगळे ११४ आणि जमिनीवरचे ४, असे ११८ जण गेले.

वैमानिकांवर खापर फोडून मोकळं व्हायला मी तयार नाही. तिथल्या खुणा पुसट होत्या, काही तर नव्हत्याच. तपास अहवालाने विमानतळाच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. पण कॉकपिटमध्ये बसणाऱ्याच्या हातात काय होतं, हे मी पुन्हा पुन्हा बघतो. रोमिओ ५ उत्तरेला जाते. रोमिओ ६ वर विमानाचं नाक आग्नेयेकडे असतं. विमानाची दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर ते सांगत असतो, फक्त तिकडे बघावं लागतं. जमिनीवर सिएरा ४ दिसतं आणि नकाशात ते सापडत नाही, तर तिथेच ब्रेक दाबायचा आणि म्हणायचं : मी कुठे आहे ते मला कळत नाही.

हे वाक्य जिभेवर येत नाही. पाठीमागे तीन विमानं खोळंबलेली, नियंत्रक घाईत, रेडिओवर सगळे ऐकतायत. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते अशा वेळी. म्हणून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्याच आठवड्यात ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’ मागायला लावतो. मग नियंत्रक एकेक वळण सांगत नेतो. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचं विमानप्रेम तुम्हाला माहीत आहे. २४ एप्रिल २०२० ला लॉस अँजेलिसजवळच्या हॉथॉर्नला त्यांना ‘होल्ड शॉर्ट’, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबायला, सांगितलं होतं. त्यांनी नेमकं उलट ऐकलं आणि ओलांडली. इतक्या वर्षांचा अनुभव गाठीला असताना!

आता होल्ड लाइन, धावपट्टीच्या अलीकडे थांबायची खूण. चार पिवळ्या रेघा, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा तुमच्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय पलीकडे जायचं नाही. तुटक बाजूने येत असाल तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर पडताय, थांबू नका. हा दुसरा भाग मी स्वतः चुकलोय. एका दुपारी उतरून वळलो, नाक रेघेपलीकडे गेलं आणि मी विमान थांबवून फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) वर घ्यायला लागलो. सेसना १७२ सव्वाआठ मीटर लांब आहे. माझी शेपटी अजून रेघेच्या आतच होती, म्हणजे धावपट्टी मोकळी झालेली नव्हती. मागून उतरायला आलेल्या विमानाला टॉवरने गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगितलं, ते शब्द आजही कानात आहेत. त्या विमानात एक विद्यार्थी एकटा होता. तेव्हापासून शेपटी पलीकडे जाईपर्यंत माझा हात कुठल्याच बटणाला लागत नाही.

अमेरिकेत २०१० पासून प्रत्येक धावपट्टी ओलांडायला वेगळी परवानगी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आता पेन काढा. मी एक सूचना एकदाच वाचणार आहे, ग्राउंड जितक्या घाईत सांगतो तितक्याच घाईत. प्रत्येकाने ती लिहून घ्यायची, समोरच्या नकाशावर बोटाने वाट काढायची आणि मग मोठ्याने रीडबॅक द्यायचा. शब्द गळला तर शेजाऱ्याने तिथेच टोकायचं. पहिल्या रांगेपासून सुरुवात करू. ‘रनवे थ्री वन राइट, टॅक्सी व्हाया झुलू, होल्ड शॉर्ट रनवे थ्री वन लेफ्ट.’ हं, बोला.