वजनकाट्यापुढची रांग

लसीकरणाच्या दिवशी बाकावर दोघी शेजारी बसल्या, की पहिला प्रश्न ठरलेला: "किती भरलं गं?" एकीची मुलगी आठ किलो, दुसरीची सव्वासहा. दोन्ही मुली सहा महिन्यांच्या. सव्वासहावाली घरी जाते ती 'माझं दूध पुरत नसेल' हे डोक्यात घेऊनच.

आता आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.३ किलो, आणि साधारण ५.७ ते ९.३ हा सगळा पट्टा नेहमीचाच. दोघीही त्यात बसतात. मग बघायचं काय? तिचीच मागची रेषा. माता-बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याला ठिपका मांडा आणि मागच्याला जोडा. काटा शून्यावर हवा, शक्यतो तोच हवा, अंगावर कपडे नकोत. ओलं डायपर शंभर-दीडशे ग्रॅम सहज खातं. रोज वजन करू नका. दूध पाजल्यावर वाढतं, शी झाली की घटतं, आणि तुमचा जीव टांगणीला. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, तर मात्र डॉक्टरांकडे जा. हे आठ किलोवालीलाही लागू. तिला सगळे 'गुटगुटीत' म्हणत असतात, म्हणून तिची सपाट रेषा कुणाच्या लक्षातच येत नाही.

चालण्याचंही तसंच. आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या महिन्यानंतर लागतं, कुणी सतराव्यात. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. दीड वर्षापर्यंत चाललं नाही तर दाखवा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करून मोजा.

पण अशी तुलना करताना वाटणारा हेवा बहुतेकदा बाळाचा नसतोच. जावेची आई चार महिने येऊन राहिली, याचा असतो. म्हणून 'तिचं बरंय' हे वाक्य मनात आलं, की ते पुरं करा: तिचं काय बरंय? 'पहाटे बाळाला घ्यायला कुणीतरी आहे' असं उत्तर आलं, तर ते मागता येतं. नवऱ्याला 'जरा मदत कर' म्हणू नका, ते हवेत विरतं. 'पाच ते सात बाळ तुझ्याकडे' असं सांगा. माहेर लांब, पैसा कमी, हे मागून मिळत नाही. त्याचं वाईट वाटणारच, वाटू द्या.

आणि रडू, झोप उडणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं हे दोन आठवड्यांपुढे गेलं, तर त्याला हेवा समजून स्वतःला बोल लावत बसू नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.