जाळी न बघता फेजर काढू नका

बसा, बसा. मागे जागा नसेल तर पुढे सतरंजीवर या, टेबलावरचं इंजिनचं हेड तिथून जास्त चांगलं दिसेल. विषय फळ्यावर आहेच: रेससाठी इंजिन बांधताना व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालू इंजिनात बदलणारी सोय, ठेवायचं की काढायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ठेवायचं. काढायला सबळ कारण लागतं, आणि ‘कटकट आहे’ हे कारण नव्हे.

होंडाचं व्हीटेक आणि ही वेळ बदलणारा फेजर एक नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी बोलतो, कारण गॅरेजमध्ये सर्रास गल्लत होते. १९८९च्या इंटेग्रातल्या बी१६ए इंजिनमध्ये होंडाने व्हीटेक आणलं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या कॅमचा लोबच (उंचवटाच) बदलण्याची सोय केली आणि १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती काढली. फेजर लोबला हात लावत नाही. तो अख्खा कॅमशाफ्ट पुढे-मागे फिरवतो. होंडाच्या के-सिरीज इंजिनांत दोन्ही आहेत, आणि इनटेक कॅम ५० अंशांपर्यंत पुढे जातो, म्हणजे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह लवकर उघडून लवकर मिटतात.

आता गोष्ट सांगतो. आमच्या गाडीत जुन्या अकॉर्डचं २.४ लिटरचं के२४ होतं. एके दिवशी दिवा लागला, स्कॅनरवर पी१००९. म्हणजे ईसीयू, इंजिनचा संगणक, सांगतोय तिथे इनटेक कॅम पोहोचत नाही. गाडी एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी काही उघडून बघितलं नाही. म्हणाले, “रेसमध्ये हे कुणी ठेवत नाही, लॉक करून टाकू. फॉर्म्युला वनमध्ये तरी कुठे असतं?” आम्ही हो म्हटलं. त्यांनी फेजर काढला, फिक्स गिअर बसवला, कॅम २५ अंशांवर बांधला आणि डायनोचा, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात दिला. कमाल पॉवर पहिल्याइतकीच! आम्ही खूश.

तो कागद घेऊन, गाडी ट्रकवर चढवून, हजारावर किलोमीटर कापून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला गेलो. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणावळणांचा. हळू वळणातून बाहेर पडताना आरपीएम चार हजारांवर यायचा, आणि तिथे गाडी अक्षरशः झोपायची. आधी जिथे ती सीटला पाठ चिकटवायची, तिथे आता आम्ही इंजिन चढण्याची वाट बघत बसलो होतो. सात हजारांच्या वर सगळं झकास, पण तिथे पोहोचेपर्यंत पुढचं वळण येतं! आयडलही, म्हणजे उभ्या गाडीतलं चालू इंजिनही, थरथरायला लागलं होतं. दोन दिवस सस्पेन्शन आणि टायरच्या हवेत दोष शोधला. कॅमवर कुणाचा संशयच गेला नाही, कारण कागदावरचा आकडा बरोबर होता.

परत आल्यावर आम्हीच इंजिन उघडलं. फेजरला तेल पुरवणाऱ्या वाटेवर बारीक जाळी असते. ती सीलंटच्या कणांनी भरलेली होती. आधी कुणीतरी कव्हर बसवताना सीलंट सढळ हाताने थापलं होतं, त्याचे तुकडे तेलात सुटले होते. जाळी धुवायला किती वेळ लागतो? आणि आमचा चांगला फेजर एव्हाना भंगारात गेला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

फॉर्म्युला वनचं म्हणाल, तर २००६पासून, २.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनांबरोबर, नियमांनीच व्हेरिएबल टायमिंगला मनाई केली. बंदी घातलेली गोष्ट निरुपयोगी असते, हा निष्कर्ष कुठून आला?

चार हजारांवर गाडी का झोपली? एसटीचं दार आठवा. स्टँडवर धावत गर्दी येत असेल, तर कंडक्टरने दार थोडं उशिरा लावलं की आणखी चार जण आत शिरतात. वरच्या आरपीएमला मिश्रण असंच वेगात येतं. पिस्टन वर निघाला तरी ते आत येत राहतं, म्हणून इनटेक उशिरा बंद झालेला चांगला. कमी आरपीएमला रेटा नसतो, दार उघडं ठेवलं की आत बसलेलेच बाहेर ढकलले जातात. म्हणून तिथे कॅम पुढे हवा. एका कोनावर बांधला की एकाच आरपीएमचं भलं होतं.

घड्याळ दाखवताय, दिसतंय. मग भरभर.

डायनोवर कॅम ०, १०, २०, ३०, ४०, ५० अंशांवर धरून सहा रन घ्या, सहाही टॉर्कच्या रेषा एकावर एक ठेवा, प्रत्येक आरपीएमला जी रेषा सर्वांत वर तो कोन ईसीयूच्या नकाशात भरा. टर्बो असेल तर एक्झॉस्टमधला दाबही मोजा: तो बूस्टपेक्षा, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबापेक्षा, जास्त झाला की वाढलेल्या ओव्हरलॅपमध्ये (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतानाच्या वेळात) जळलेला वायू उलटा शिरतो, तिथे कॅम मागे घ्या.

काढायचं कधी? ड्रॅगचं, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसचं, इंजिन सात ते नऊ हजारांतच राहणार असेल तेव्हा. तुमचा ईसीयू कॅमचा कोन वाचून सांभाळू शकत नसेल तेव्हा. आणि मोठा कॅम घातल्यावर पूर्ण पुढच्या कोनात इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येत असेल तेव्हा. पण इथेही आधी फेजरला स्टॉप बसवून त्याची धाव कमी करा, ५०ऐवजी २५ अंश ठेवा. इनटेकला साधारण २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर अंतर मी सोडतो. ते अंदाजाने ठरवत नाहीत. पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावायची, कॅम पूर्ण पुढे करायचा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, क्ले कापून मोजायची. क्ले मी आणली आहे, व्हर्नियर तुमच्या लॅबमधला घेऊ. चहा नंतर, आधी चौघं पुढे या.