साताऱ्याच्या मैदानावर स्काऊट-गाईडची पंच्याहत्तरी

(दृश्य: पहाट. अजिंक्यताऱ्यावरचे मनोरे. खाली शाळेचं मैदान, फक्कीच्या रेषा.)

सातारा. ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच भरल्यात. या मैदानावर मात्र आज उजाडायच्या आधीच फक्की पडली आहे. घोड्याच्या नालेसारखी वळलेली एक रेषा आणि तिच्या उघड्या तोंडाशी झेंड्याची काठी. स्काऊट मुलं आणि गाईड मुली ध्वजाभोवती उभे राहतात ते असेच, नालाकृतीत. इथं मागची रांग नसते. प्रत्येकाला झेंडा दिसतो आणि झेंड्यापाशी उभं असलेल्याला प्रत्येकाचा चेहरा दिसतो.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेला आज पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळांची पथकं येत आहेत. कुणी एसटीनं, कुणी सरांच्या गाडीवर दाटीवाटीनं, बरीचशी मुलं चालत.

(दृश्य: झेंड्याची घडी घालणारे हात, अगदी जवळून.)

हे हात आठवीतल्या मुलीचे आहेत. मोगरा संघाची, म्हणजे पथकातल्या एका छोट्या गटाची, ती संघनायिका. गडद निळं कापड, मधोमध पिवळं चिन्ह. ती आधी आडवी घडी घालते, मग उभी. मग घडीभोवती दोरी फिरवते आणि शेवटचा पेच आत खोचते. पेच सैल राहिला, तर झेंडा वर चढतानाच सुटतो. फार घट्ट बसला, तर वर गेल्यावर ओढूनही उलगडत नाही. सरावात तिचं दोन्ही झालेलं आहे. म्हणून आज ती पेच खोचते, बोटानं चाचपते, सोडते आणि पुन्हा खोचते. पथक सांभाळणाऱ्या शिक्षिका, म्हणजे गाईड कॅप्टन बाई, शेजारीच उभ्या आहेत. त्या हात लावत नाहीत.

(दृश्य: झेंडा वर जातो. झटका. उलगडतो. तीन बोटांची सलामी. इथं निवेदन नाही, मैदानाचा आवाज राहू द्यावा.)

७ नोव्हेंबर या तारखेला आज या मैदानावर आणखी दोन गोष्टी आहेत. ‘वंदे मातरम्’ला आज दीडशे वर्षं होत आहेत, म्हणून ध्वजवंदनानंतर सगळं मैदान ते पूर्ण गातं. आणि हा महाराष्ट्राचा विद्यार्थी दिवसही आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागत होतं. म्हणून या शहरात ही तारीख आली की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की आत कुणाला घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं.

स्काऊटिंगची भारतातली गोष्टही याच प्रश्नापासून सुरू होते.

(दृश्य: मैदानाच्या कडेला मुलांनी लावलेलं प्रदर्शन. कार्डशीट, हातानं लिहिलेली अक्षरं, चिकटवलेली चित्रं.)

हे तक्ते सातवी-आठवीच्या मुलांनी केलेत. पहिल्या तक्त्यावर ब्राउनसी बेट आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊटिंगचे जनक लॉर्ड बेडन पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या या लहानशा बेटावर मुलांचं शिबिर घेतलं. श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कामगारांच्या वस्तीतली मुलं त्यांनी एकाच तंबूत आणली. लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा अशा चार संघांत त्यांची वाटणी केली. सकाळी मुलांना उठवायला ते आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकत. तक्त्यावर मुलांनी ते शिंग मोठं काढलंय, बेडन पॉवेल यांच्यापेक्षाही मोठं.

दुसरा तक्ता भारताचा. १९०९ मध्ये बंगळुरूत कॅप्टन बेकर यांनी इथलं पहिलं पथक सुरू केलं. १९११ मध्ये जबलपूरला गाईड सुरू झाल्या. पण ही पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी होती. भारतीय मुलाला त्यात जागा नव्हती.

मग आपल्या लोकांनी स्वतःची पथकं काढली. शहाजहानपूरला श्रीराम वाजपेयी यांनी. मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी. त्यांची मुलं टोपीऐवजी फेटा बांधत. अलाहाबादला पंडित मदन मोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. भारतीय मुलांसाठी हे दार उघडणाऱ्यांत आपल्या नागपूरचे व्हिव्हियन बोस होते. ते पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. एवढा मोठा कायदेपंडित मुलांच्या पथकासाठी वेळ काढत होता, हे इथल्या प्रत्येक मुख्याध्यापकांनी ऐकायला हवं.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात येऊन गेले. बेझंटबाईंची संघटना बेडन पॉवेल यांच्या मूळ संघटनेत मिळाली, सेवा समितीचे स्काऊट वेगळेच राहिले. १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन निघाली. देश स्वतंत्र झाला तेव्हा खांद्यावर स्कार्फ सगळ्यांच्याच होता, संघटना मात्र अनेक होत्या. पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं. त्या वेळी नागपुरात राज्यपाल असलेले मंगळदास पक्वासा यांनी बोलणी पुढे नेली. ७ नोव्हेंबर १९५० ला स्काऊटच्या संघटना एक झाल्या. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही त्यात आल्या. इथं एकाच मैदानावर मुलं आणि मुली एकाच झेंड्याखाली उभी दिसतात, ती तेव्हापासून.

(दृश्य: गाठींची स्पर्धा. दोऱ्या, हात, घामेजलेले चेहरे.)

आता गाठी. सगळ्यात जास्त गर्दी इथं आहे.

सत्तरी ओलांडलेले एक सर खुर्चीवर बसलेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी स्कार्फ अजून इस्त्रीचा. समोर पाचवीतला मुलगा, हातात दोरी.

“सर, ही रीफ नॉट.”

“बघू. दोन्ही टोकं आपापल्या दोरीला लागून येतायत का?”

“नाही सर.”

“मग ती रीफ नॉट नाही, ग्रॅनी झाली. ओझं आलं की सरकेल. उजवं टोक डाव्यावर टाक. आता डावं उजव्यावर. ओढ. बघ, कशी सपाट बसली.”

ही सपाट बसते, म्हणूनच बँडेज बांधायला वापरतात. जखमेवर टोचत नाही आणि दोन्ही बाजूंनी दाबली की चटकन सुटते. त्या पलीकडे बोलाइन चाललीये. तिचा फास आवळत नाही, म्हणून विहिरीत किंवा पुरात अडकलेल्या माणसाच्या कमरेभोवती तीच टाकायची. क्लोव्ह हिच खांबाला. शीट बेंड जाड दोरीला बारीक दोरी जोडायला. या मुलांतल्या अनेकांच्या घरी गोठा आहे. दावं बांधायची गाठ ती इथं येण्याआधीच शिकून आली आहेत. सर त्यांना तीही करून दाखवायला लावतात आणि वहीत तिचं चित्र काढून घेतात.

(दृश्य: मातीवर दगडांची चिन्हं. त्यांच्या मागावर धावणारी मुलं.)

ही माग काढण्याची स्पर्धा. दोन दगड एकावर एक, शेजारी एक. म्हणजे इकडे वळ. काटक्यांची फुली म्हणजे या वाटेनं जायचं नाही. माग संपतो तिथं एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक खडा. अर्थ, मी घरी गेलो. केनियात न्येरी गावी बेडन पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर हेच चिन्ह कोरलेलं आहे. मुलांना ते माहीत आहे. वर्तुळापाशी पोचल्यावर ती आपसूक सलामी देतात.

(दृश्य: चुली, निखारे, पानं. धूर.)

दुपार. बिनभांड्यांचा स्वयंपाक.

तवा नाही, पातेलं नाही, पळी नाही. वांगी आणि कांदे थेट निखाऱ्यात. कणकेचे गोळे पळसाच्या पानांत दाबून त्याचे पानगे. हे शहरातल्या मुलांना नवं आहे, पण जास्वंद संघातल्या एका मुलीनं आजीला करताना पाहिलंय. ती सांगते, पान वाळायला लागलं की उलटायचं, जळायची वाट बघायची नाही. संघात सगळ्यांना काम वाटून दिलेलं आहे. एक जाळ बघते, एक पाणी आणते, एकीकडे फक्त स्वच्छता. शेवटी चूल विझवून, राख पुरून, जागा होती तशी करून द्यायची. गुण चवीपेक्षा त्यालाच जास्त आहेत.

सहा ते आठ जणांचा एक संघ आणि त्यांच्यातलंच एक मूल संघनायक. शिक्षक सूचना देतो ती संघनायकाला. पुढचं संघ आपसात ठरवतो. वर्गात कधी हात वर न करणारं मूल इथं सात जणांचं जेवण सांभाळतं. शाळेच्या दुसऱ्या कोणत्या तासाला मुलाच्या हाती एवढं सोपवलं जातं?

(दृश्य: गणवेशाचा बाही-खांद्याचा भाग. नावाची पट्टी.)

हा गणवेश नीट पाहा. खिशावर नावाची पट्टी आहे आणि तिच्याभोवती जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. गणवेश शाळेचा आहे. वर्ष संपलं की मुलगी तो धुऊन आणून देते, पट्टी उसवली जाते आणि पुढच्या मुलीचं नाव शिवलं जातं. बाईंनी ही पद्धत लावली, कारण गणवेश परवडत नाही म्हणून एकही मुलगी बाहेर राहता कामा नये.

(दृश्य: बाजारपेठ. मुलं दुकानादुकानांत स्टिकर देताहेत.)

७ नोव्हेंबर हा संघटनेचा ध्वजदिनही असतो. झेंड्याचे छोटे स्टिकर घेऊन मुलं बाजारात फिरतात. दुकानदार पैसे टाकतात, खिशाला स्टिकर लावतात. पैशाचा हिशेब मुलंच वहीत लिहितात. असाच दुसरा उपक्रम म्हणजे ‘खरी कमाई’. त्यात मुलं घरोघरी काम मागतात, गाडी धुतात, अंगण झाडतात आणि मिळेल ते पथकाला आणून देतात.

(दृश्य: प्रदर्शनातला फोटो. रांगेत उभ्या गाईड, मागे झाडं.)

हा फोटो पुण्याचा, ‘संगम’चा. जगभरच्या गाईडची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात आहे. १६ ऑक्टोबर १९६६ ला ते सुरू झालं, तेव्हा बेडन पॉवेल यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल स्वतः आल्या होत्या. साताऱ्याहून एसटीनं अडीच-तीन तासांवर. तिथं आपल्या मुली दुसऱ्या देशांतल्या मुलींच्या पंगतीला बसून जेवल्या आहेत.

(दृश्य: अजिंक्यताऱ्याची वाट. स्कार्फ, काठ्या, पाण्याच्या बाटल्या.)

उन्हं कलल्यावर संघ गडाकडे निघतात. पुढे संघनायक, सगळ्यात मागे सहायक संघनायक, मध्ये लहान मुलं. मंगळाईच्या देवळापाशी मोजणी, मग होकायंत्र. सोळा दिशा पाठ असल्या तरी इथं त्या समोरच्या डोंगरांवर लावून बघायच्या. उत्तरेला पायथ्याशी शहर आणि त्यात सकाळचं मैदान. कोणती शाळा कुठं, यावरून दोन संघांत थोडा वाद होतो. होकायंत्र निकाल देतं.

पण अशी पथकं सगळीकडे टिकत नाहीत. ज्या शाळेतले प्रशिक्षित सर किंवा बाई निवृत्त होतात, तिथलं पथक अनेकदा त्यांच्याबरोबरच थांबतं आणि वेळापत्रकातला स्काऊटचा तास दुसऱ्या विषयाला जातो.

(दृश्य: शेकोटी. टाळ्या, आरोळ्या, मुलांची नाटुकली.)

शेकोटीचं सगळं मुलांकडे आहे. लाकडं रचणं, जाळ पेटवणं, सूत्रसंचालन, नाटुकली. पोवाड्याला सगळ्यात मोठी दाद मिळते. या महिन्याच्या अखेरीस लखनौला पंच्याहत्तरीची राष्ट्रीय जांबोरी, म्हणजे देशभरच्या स्काऊट-गाईडचा मेळावा, आहे. तिची घोषणा इथंच होते आणि मैदान दणाणून जातं.

(दृश्य: शेकोटीच्या उजेडात एक तरुण शिक्षिका, हातात वही.)

या बाई एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या. सातवीपर्यंत वर्ग, पथक नाही. आज त्या स्वतःहून आल्या आणि दिवसभर वही भरत राहिल्या. गाठींची चित्रं, चुलीची मांडणी, गणवेशाची ती पट्टीची पद्धत. गाईड कॅप्टनच्या पुढच्या बेसिक कोर्सला त्यांनी नाव दिलंय. तो झाला की पथकाची नोंदणी होईल. दहा वर्षांच्या वरच्या मुली त्यांनी मोजून ठेवल्यात; दोन संघ सहज होतात. संघांना फुलांची नावं कोणती द्यायची, हे मात्र बाईंनी ठरवलेलं नाही. ते मुली ठरवणार आहेत.