मॉनिटरला शिव्या देण्याआधी

(कोल्हापुरात व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? बरं. फळ्यावर विषय लिहिलाय: ‘मॉनिटर कॅलिब्रेट करूनही एडिटिंगमध्ये रंग का जुळत नाहीत’. कॅलिब्रेट म्हणजे यंत्राने मोजून मॉनिटरचे रंग ताळ्यावर आणणं. त्यावर बोलणारच आहे, पण जरा वळसा घालून. संयोजकांनी पाऊण तास दिलाय आणि माझ्याकडे तक्रारी दोन तासांच्या आहेत.

इथे लग्नाचं शूटिंग करणारे किती? हात वर करा. म्हणजे जवळपास सगळेच. उरलेले शॉर्टफिल्मवाले, त्यांचंही पोट लग्नांवरच. (हशा) मग पैठणीचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे इचलकरंजीचा एक मुलगा येतो. हुशार आहे. त्याने कर्ज काढून रुंद गॅमटचा, म्हणजे जास्त भडक रंगही दाखवू शकणारा मॉनिटर घेतला, वर कलरीमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारं यंत्र घेतलं, रीतसर प्रोफाइल, म्हणजे त्या मोजमापाची फाइल बनवली. पहिलंच काम, नवरीची डाळिंबी पैठणी. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चित्र दिसतं त्या चौकटीत, ती दिसतेय पेटल्यासारखी लालभडक, आणि हळदीच्या कार्यक्रमात हळद केशरी. त्याच फ्रेमचा स्टिल फोटोशॉपमध्ये उघडला, की डाळिंबी. एकच मॉनिटर, एकच फ्रेम! त्याने काय करावं? प्रत्येक क्लिपचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, डोळ्याला बरं वाटेपर्यंत खाली ओढलं आणि पेनड्राइव्ह देऊन मोकळा झाला.

दोन दिवसांनी नवरीचे मामा दारात. अशा कामाला मामाच येतात, बाप येत नाही. “अहो, एकवीस हजारांची पैठणी आहे, ही काय गोधडी दिसतेय! आणि आमच्या पोरीला कावीळ झाली होती का?” बरं, मामांचा टीव्ही दुकानातून आला तसाच व्हिव्हिड मोडवर, म्हणजे आधीच रंग चढवून दाखवणारा. त्याच्यावरही पैठणी विझलेली, म्हणजे विचार करा. पोराने पुन्हा कॅलिब्रेशन केलं. तेच. पुन्हा केलं. तेच. शेवटी मॉनिटर खोक्यात घालून दुकानात परत द्यायला निघाला आणि वाटेत माझ्याकडे थांबला.

मी मॉनिटर खोक्यातच ठेवायला सांगितला. माझ्या मशीनवर मूळ क्लिप लावली आणि व्हेक्टरस्कोप, म्हणजे क्लिपमधले रंग आलेखावर दाखवणारं साधन, उघडला. चेहऱ्याची कातडी बरोबर स्किनटोनच्या रेषेवर, पैठणीचा लाल आपल्या जागी. स्कोप मॉनिटरकडे बघत नाही, फाइलमधले आकडे वाचतो. म्हणजे माल चोख, घोटाळा पुढे कुठेतरी. प्रोफाइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक, ग्राफिक्स कार्डमध्ये भरले जाणारे कर्व्ह. ते करडा रंग आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाची चढण, ताळ्यावर आणतात, आणि सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतात. दुसरी, तुमच्या पॅनेलचा लाल नेमका किती लाल आहे, याचं वर्णन. ते वाचायचं की नाही, हे ज्या त्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर. फोटोशॉप वाचतं. त्याच्या विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर वाचत नव्हता. त्यामुळे रेक. ७०९ चे, म्हणजे एचडी व्हिडिओच्या रंगमानकाचे आकडे थेट पी३ या त्याहून मोठ्या रंगमानकाएवढ्या रुंद पॅनेलवर जाऊन आदळत होते. २५५ लाल म्हणजे पॅनेलला झेपेल तेवढा लाल! पोराने तो खोटा भडकपणा खाली ओढला, म्हणून मामांकडे पैठणी विझली.

तसं रंगांनी फसवणं या गावाला नवं नाही. इथेच १९२९ साली सुरू झालेल्या ‘प्रभात’चा एक चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९३३ साली रंगीत करायला थेट जर्मनीला नेला होता. आला तेव्हा रंग बिनसलेले. तेव्हा मॉनिटर नव्हता, म्हणून तो बिचारा शिव्यांतून वाचला. (हशा)

आता माझं लाडकं म्हणणं. रंगाची दुरुस्ती साखळीत एकदाच व्हायला हवी. एकत्र कुटुंबातल्या आमटीसारखं आहे हे. एक तर सासू-सून दोघींनी मीठ घातलेलं असतं, नाहीतर दोघींना वाटतं दुसरीने घातलं. तुमच्या दहातल्या नऊ तक्रारी...

काय? चिठ्ठी? पाचच मिनिटं? अहो, मुख्य भाग आता कुठे सुरू होतोय. बरं, भराभर लिहून घ्या.

आधी पडद्याचा रंग आपोआप बदलणारे नाइट लाइट आणि ट्रू टोन, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळं बंद. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मगच कलरीमीटर लावा. लक्ष्य डी६५ व्हाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, पडद्याचा उजेड १०० निट्स, अंधाऱ्या खोलीत गॅमा २.४, उजेडाच्या खोलीत २.२.

काळा रंग राखाडी दिसतोय, तर कॅलिब्रेशनला हात लावू नका, लेव्हल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, बघा. व्हिडिओ १६ ते २३५ मध्ये चालतो, कॉम्प्युटरचा मॉनिटर ० ते २५५ मागतो. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा. उलटा घोटाळा असेल तर सावल्यांतलं सगळं काळंठिक्कर होतं.

रिझॉल्व्हसाठी डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅममधून रेक. ७०९ ची थ्रीडी लट, म्हणजे रंग बदलण्याचा तक्ता, बनवा आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये व्ह्यूअरच्या लटच्या जागी लावा. नोडवर, म्हणजे क्लिपच्या रंगदुरुस्तीतच लावाल तर एक्स्पोर्टमध्ये भाजून निघेल, आणि मामा परत येतील. मॅकवर डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय चालू आणि वर लटसुद्धा, म्हणजे दुहेरी दुरुस्ती. प्रीमियरवर एडिटिंग करत असाल तर डिस्प्ले कलर मॅनेजमेंट चालू करा, ते प्रोफाइल स्वतः वाचतं, तिथे लट नको. डेकलिंकसारख्या व्हिडिओ बाहेर काढणाऱ्या कार्डातून वेगळा मॉनिटर लावलात, तर ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रोफाइल तिथे पोचतच नाही. त्याची लट वेगळी.

मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये फाइल फिकी दिसते, हा प्रश्न दर वेळी येतो. तुम्ही गॅमा २.४ वर ग्रेड केलंत, म्हणजे रंग-उजेड बसवलात, क्विकटाइम ती १.९६ च्या आसपास धरून उघडतं. ग्रेड गडद करत बसू नका, बाकी सगळीकडे काळोख होईल. फक्त वेब आणि मॅकसाठी द्यायची असेल तर रिझॉल्व्हमधून रेक. ७०९-ए या टॅगने, म्हणजे फाइलवरच्या गॅमाच्या खुणेने काढून बघा.

भिंतीच्या रंगाचा मुद्दा राहिला. तुमच्या एडिटिंग रूमच्या भिंती पोपटी आहेत, मला माहीत आहे. (हशा) करड्या करून घ्या. काय म्हणताय? लॅपटॉपवर चालेल का? चालेल, पण चार्जर लावून. बॅटरीवर बरेच लॅपटॉप पडद्याचा उजेड गुपचूप उतरवतात. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलावर.