कोबे शिकागोला चालला होता

[दृश्य: लॉस एंजलिस. सकाळचं ऊन, अरेनाबाहेरचा पुतळा, कॅमेरा खालून वर]

हा पुतळा आधी नीट बघून घ्या. 19 फुटांचा, ब्राँझचा, 8 फेब्रुवारी 2024 ला याचं अनावरण झालं. अंगात 8 नंबरची जर्सी आणि एक बोट वर आभाळाकडे. 22 जानेवारी 2006 ला टोरोंटोविरुद्ध एकट्याने 81 पॉइंट मारून कोर्टवरून बाहेर पडताना लेकर्स या इथल्या बास्केटबॉल टीमच्या कोबे ब्रायंटने जसं बोट वर केलं होतं ना, अगदी तसंच. आता कॅमेरा खाली येतोय. चौथरा त्रिकोणी आहे आणि त्याला लागून कोबेच्या चॅम्पियनशिपच्या ट्रॉफ्या आहेत, मोजा, पाच. 2000, 2001, 2002, मग बरीच वर्षं काहीच नाही, आणि मग 2009, 2010.

आपली गोष्ट त्या मधल्या कोरड्या वर्षांतली आहे. 2007 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बास्केटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय होता, कोबे शिकागोला चालला.

[दृश्य: शिकागो. मॅडिसन स्ट्रीट, युनायटेड सेंटर, आत जॉर्डनचा पुतळा]

आणि हे शिकागो. हा दुसरा पुतळा मायकल जॉर्डनचा, 1994 पासून बाहेर रस्त्याच्या कडेला होता, 2017 मध्ये तो आत या काचेच्या दालनात आणला. दोन्ही पुतळे एकाच स्टुडिओचे आहेत बरं का, शिकागोजवळच्याच. लोक येतात, पायाशी उभे राहून फोटो काढतात, हे आजोबा नातवाला वर उचलून बूट दाखवतायत बघा. जॉर्डनने या शहराला, म्हणजे इथल्या बुल्स टीमला, सहा चॅम्पियनशिप दिल्या, 1998 ला तो गेला आणि त्यानंतर सलग सहा सीझन बुल्स प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांनासुद्धा पोचले नाहीत. सहा वर्षं. ते रिकामपण डोक्यात ठेवा, कारण पुढे बुल्सवाले का अडून बसले ते त्याशिवाय कळणार नाही.

आता जरा मागे जाऊ, 1996 ला. कारण कोबे लेकर्सकडे आला तोच मुळात ट्रेडमधून, म्हणजे टीम-टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून. शाळेतून थेट आलेला 17 वर्षांचा पोरगा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 13 व्या नंबरवर शार्लटने घेतला आणि लगेच लेकर्सला दिला, बदल्यात लेकर्सचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, व्लादे दिवाच शार्लटला गेला. दिवाचला जायचं नव्हतं, तो म्हणाला मी खेळणंच सोडून देतो, मग बरंच समजावल्यावर तयार झाला. आणि कोबे तेव्हा सज्ञानसुद्धा नव्हता, त्यामुळे त्याच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर त्याच्या आईवडिलांनाही सही करावी लागली.

ही सही लक्षात ठेवा. या सगळ्या गोष्टीत कुठल्या कागदावर कुणाची सही लागते आणि कुणाची लागतच नाही, त्यावरच सगळं फिरतं.

[दृश्य: एल सेगुंडो, मग समुद्राकाठचा रस्ता, मॉलचं पार्किंग]

2004 ला शकील ओनील, म्हणजे शॅक, या आपल्या दुसऱ्या स्टारला लेकर्सनी मायामीला दिलं. त्याच उन्हाळ्यात कोबेने सात वर्षांचं, 13 कोटी 60 लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं. आकडा सगळ्यांनी छापला, पण त्या कागदात एक ओळ होती जी आकड्यापेक्षा मोठी होती. नो-ट्रेड क्लॉज. म्हणजे माझ्या परवानगीशिवाय मला कुठल्याही टीमला देता येणार नाही. एनबीएमध्ये, म्हणजे या बास्केटबॉल लीगमध्ये, ही ओळ मागायचा हक्क मिळवायलाच लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच टीमकडे किमान चार वर्षं काढावी लागतात, आणि एवढं करूनही टीमने हो म्हणायला हवं. म्हणून ती फार म्हणजे फार थोड्यांच्या नशिबी येते. बाकी सगळे सकाळी एका शहरात उठतात आणि संध्याकाळी फोन येतो की बॅग भर. आपल्याकडे आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते, त्यामुळे हे आपल्या पटकन लक्षात येत नाही. तिकडे लागत नाही. घर, बायको, पोरांची शाळा, सगळं उचलून निघायचं.

शॅक गेल्यावर लेकर्सची घसरण झाली. पहिल्याच सीझनला 34 विजय, प्लेऑफ नाही. पुढच्या वर्षी कोबेची सरासरी मॅचमागे 35.4, आणि तरी फिनिक्सविरुद्ध 3-1 ने पुढे असताना सिरीज घालवली. त्याच्या पुढच्या वर्षी परत फिनिक्स, परत पहिल्याच फेरीत बाहेर. मार्च 2007 मध्ये हा माणूस लागोपाठ चार मॅचमध्ये 65, 50, 60, 50 मारतो आणि टीम सीझनअखेर 42-40 वर, म्हणजे 42 विजय आणि 40 पराभवांवर उभी. आजूबाजूला कुणीच नव्हतं हो त्याच्या. जेसन किड हा नावाजलेला खेळाडू मिळत होता, पण लेकर्सनी अँड्र्यू बायनम हा पोरगेला सेंटर द्यायला नकार दिला म्हणून ते फिसकटलं.

मे महिन्यात पेपरात लेकर्सच्याच आतल्या कुणाचं तरी नाव न देता छापून आलं की शॅकला घालवला तो कोबेने, आणि याची सटकलीच. 30 मे 2007 ला रेडिओवर सरळ सांगितलं, मला ट्रेड करा. त्याच दिवशी नंतर सूर जरा खाली आला, मग पुन्हा वर गेला. आणि मग ते पार्किंगमधलं प्रकरण. मॉलच्या अशाच एका पार्किंगमध्ये काही पोरांनी त्याला गाठलं, मोबाईलवर शूट केलं, आणि तो बोलून बसला की किडसाठी बायनम द्यायचा नाही म्हणजे काय. 2007 सालचा मोबाईल व्हिडिओ, हलतोय, धूसर आहे, पण बाहेर पडल्यावर अख्ख्या देशाने बघितला.

ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या ट्रेनिंग कॅम्पला लेकर्सचे मालक जेरी बस स्वतः पत्रकारांना म्हणाले की कोबेसाठी ऑफर आली तर आम्ही ऐकू. मालकाने तोंडाने असं म्हटल्यावर मग काय राहिलं. अफवा तिथे अफवा राहिली नाही, तिला पाय फुटले.

[दृश्य: युनायटेड सेंटर, रिकामा कोर्ट, वर सहा बॅनर]

आता तराजू घेऊन बसू. हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे कारण लोक "हा द्या, तो घ्या" म्हणतात तेव्हा मधलं गणित कुणी सांगत नाही.

एका पारड्यात कोबे, वय 29, लीगमध्ये सगळ्यात जास्त सरासरी त्याचीच, मॅचमागे 31.6. दुसऱ्या पारड्यात शिकागोची तरणी पोरं. लुओल डेंग, बेन गॉर्डन, टायरस थॉमस, नुकताच ड्राफ्ट झालेला योकिम नोआ. यातली वेगवेगळी नावं जोडून रोज नवा ट्रेड छापून यायचा. पण नावं जोडली की ट्रेड होत नाही. तेव्हाचा नियम असा की सॅलरी कॅपच्या, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या वर असलेल्या टीमने जेवढा पगार बाहेर पाठवला त्याच्या 125 टक्के आणि वर 1 लाख डॉलर, एवढ्यापर्यंतच पगार आत घेता येतो. कोबेचा त्या वर्षीचा पगार साधारण 1 कोटी 95 लाख डॉलर. उलटं गणित केलं तर बुल्सना कमीत कमी 1 कोटी 55 लाखांचे खेळाडू द्यायला हवेत. आणि डेंग, गॉर्डन दोघं अजून नवख्यांच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर, दोघांचे पगार मिळून 1 कोटीसुद्धा होत नाहीत. म्हणजे बघा, टीमचे सगळ्यात चांगले दोन खेळाडू दिले तरी पारडं वरच, मग तिसरा टाका, चौथा टाका. सगळ्यात मोठा पगार बेन वॉलेसचा होता, चार वर्षांचे 6 कोटी डॉलर, पण त्याचं वय 33, लेकर्सना नव्याने उभं राहायचं तर त्यांना तो कशाला हवाय.

म्हणजे कोबेला आणायचं तर टीम उसवावी लागणार. आणि बुल्सचा जीएम, म्हणजे टीम बांधणारा जनरल मॅनेजर कोण, तर जॉन पॅक्सन, 1993 च्या फायनलमध्ये फिनिक्सला शेवटच्या क्षणी थ्री-पॉइंटर टाकून चॅम्पियनशिप आणणारा. त्या सहा रिकाम्या वर्षांनंतर त्याने ही टीम एकेक पोरगा निवडून बांधली होती, 2007 च्या प्लेऑफमध्ये तिने मायामीला, म्हणजे आदल्या वर्षीच्या चॅम्पियनला 4-0 ने घरी पाठवलं होतं.

अडलं ते डेंगवर. आणि इथे मला थांबायचंय.

[दृश्य: डेंगचे फोटो एकामागून एक]

लुओल डेंग. जन्म वाऊचा, तेव्हाचा सुदान, आता दक्षिण सुदान. घरच्यांना देश सोडावा लागला, आधी इजिप्त, मग लंडन. तिथे बास्केटबॉल, मग अमेरिका. 2006-07 ला मॅचमागे 18.8 पॉइंट, शिवाय समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी खेळाडूला धरायचं काम याचंच. लेकर्सना हा हवा होता. बुल्सना हा द्यायचा नव्हता. आणि खरी गंमत अशी की कोबेलाही शिकागोत हा हवा होता, डेंग गेला तर मी येऊन खेळू कुणाबरोबर, असा त्याचा साधा हिशोब. ते म्हणजे लॉस एंजलिसमध्ये जे होतं तेच फक्त थंडीत.

माझं मत विचाराल तर कोबेचा हिशोब बरोबर होता, आणि पॅक्सनचाही. चूक बाकीच्यांची होती जे म्हणत होते की कोबे मिळतोय ना, मग काय वाट्टेल ते द्या. एकट्या कोबेने काय होतं ते तीन सीझन सगळ्यांनी बघितलं होतं. आणि त्यात जॉर्डनच्या पुतळ्यासमोरून मॅचला जायचं, आधीच सगळी तुलना त्याच्याशी, सहा बॅनर डोक्यावर. तरी नंतर कोबेने स्वतःच सांगितलंय की शिकागोच त्याची पहिली पसंती होती. हिंमत लागते.

पण हे सगळं तो बोलू शकला कशामुळे, त्या एका ओळीमुळे. डेट्रॉइटकडूनही बोलणी झाली होती, कोबे नको म्हणाला, विषय संपला. कागदावर त्याची सही लागत होती. डेंगची लागत नव्हती. गॉर्डनची नव्हती, नोआची नव्हती. महिनाभर रोज सकाळी पेपरात स्वतःचं नाव वाचायचं, हा गेला, हा राहिला, आणि संध्याकाळी जाऊन खेळायचं. 31 ऑक्टोबरपर्यंत डेंग आणि गॉर्डनला कॉन्ट्रॅक्ट वाढवायची मुदत होती, दोघांनीही बुल्सची ऑफर घेतली नाही. उद्या आपल्याला ठेवतायत की पाठवतायत हेच माहीत नसताना आकड्यावर कसं बोलणार माणूस.

[दृश्य: लॉस एंजलिस, रात्र, अरेनाबाहेर गर्दी]

30 ऑक्टोबर 2007, सीझनची पहिली मॅच, ह्यूस्टनविरुद्ध. घरच्याच प्रेक्षकांनी कोबेचं नाव पुकारल्यावर हुर्यो केली. त्याने 45 मारले. लेकर्स 95-93 ने हरले. आणि तिकडे शिकागोत, डेंग आणि गॉर्डन कोर्टवर असताना, स्टँडमधून ओरडा चालू, को-बे, को-बे. स्वतःच्या घरच्या कोर्टवर, स्वतःच्या लोकांकडून.

ट्रेड काही झाला नाही. नोव्हेंबरमध्ये विषय हळूहळू थंड झाला.

पुढचं पटकन सांगतो. बुल्स त्या सीझनला उभेच राहिले नाहीत, कोच स्कॉट स्काइल्सला 24 डिसेंबरला काढलं, शेवट 33-49, पण ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत फक्त 1.7 टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला आणि शिकागोचाच पोरगा डेरिक रोझ मिळाला. इकडे बायनम बहरला, मग जानेवारीत गुडघ्याने बसला, आणि 1 फेब्रुवारी 2008 ला मेम्फिसहून पाऊ गसोल आला. कोबे त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, फायनलमध्ये बॉस्टनकडून हार, मग 2009 ला चॅम्पियनशिप, मग 2010 ला परत, बॉस्टनलाच सात मॅचमध्ये हरवून.

[दृश्य: पुन्हा चौथऱ्यावरच्या ट्रॉफ्या, शेवटच्या दोन जवळून. काही सेकंद निवेदन नाही]

[दृश्य: शिकागो, बर्फ पडतोय]

डेंग शिकागोतच राहिला, दोनदा ऑल-स्टार झाला, दुखतंय खुपतंय तसाच खेळायचा, कोर्टवरून त्याला बाहेर काढणं कोचला जमायचं नाही. जानेवारी 2014 मध्ये त्याला क्लीव्हलँडला पाठवलं. बदल्यात ड्राफ्टचे पिक, म्हणजे निवडीचे हक्क, आणि एक खेळाडू, आणि तो खेळाडू कोण होता माहितीये, अँड्र्यू बायनम. तोच, पार्किंगच्या व्हिडिओतला. बुल्सनी त्याला एक मॅचही न खेळवता लगेच सोडून दिलं, पगार वाचवायला घेतला होता. जवळजवळ दहा सीझन एका शहरासाठी खेळलेल्या डेंगला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती, त्याच्या कागदात ती ओळ नव्हती.

कोबे शेवटची मॅच 13 एप्रिल 2016 ला खेळला, 60 पॉइंट, 20 सीझन, एकच टीम. त्याच जुलैमध्ये लेकर्सनी एक फ्री एजंट, म्हणजे कुठल्याच टीमशी बांधलेला नसलेला खेळाडू घेतला, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, 7 कोटी 20 लाख डॉलर. लुओल डेंग. 2007 ला जिथे त्याला पाठवायचं चाललं होतं तिथेच तो आला, तिथे पुढे त्याला फारसं खेळायला मिळालं नाही, पण या वेळी कागदावर त्याची स्वतःची सही होती.

[दृश्य: डेंग, पिवळी जर्सी, 9 नंबर]