निळ्या पाण्याचा मळा

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद-चुन्याची ओळख करून द्यायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाची झड लागली, की पानामागे डाऊनीची पांढरी बुरशी दिसते आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू होते. या नावातलं बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो. 1882 साली तिथल्या मेदोक भागात शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत, ते वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की आतल्या वेलींची पानं डाऊनीनं झडली आहेत, पण रस्त्याकडच्या ओळी हिरव्यागार आहेत. 1885 मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला.

त्याच मेदोकमध्ये पोयाक गावाजवळ शातो पोंते-काने नावाचा मळा आहे. 81 हेक्टर, म्हणजे आपले दोनशे एकर. मालक आल्फ्रेड तेस्रों यांनी 2004 पासून रासायनिक औषधं सोडायला सुरुवात केली. बोर्दोत हे धाडसच, कारण अटलांटिक समुद्राची ओल तिथे सतत येते. आंतरप्रवाही बुरशीनाशक पानाच्या आत शिरतं. सेंद्रिय शेतीत चालणारं मोरचुदातलं तांबं मात्र पानावर नुसतं बसतं. जोराचा पाऊस आला की धुऊन जातं, आणि फवारणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पानावर तर ते नसतंच. पुन्हा फवारा म्हणावं, तर तेही मनमुराद चालत नाही. तांबं मातीत साठतं, गांडुळांना बाधतं. म्हणून युरोपात आता सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा आहे. सेंद्रिय म्हणजे काहीच न फवारणं, हा समज किती चुकीचा आहे ते यातून कळतं.

2007 साली डाऊनी भडकली. डोळ्यांदेखत पीक चाललेलं पाहून तेस्रों यांनी रासायनिक फवारणी केली. द्राक्षं वाचली, पण सेंद्रिय प्रमाणपत्राची वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली. वेलींना त्यासाठी तीन वर्षं लागतात. ते 2010 मध्ये मिळालं. त्या निर्णयाबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. तोडणीच्या तोंडावर ज्यानं बाग हातची जाताना पाहिली आहे, तोही लावणार नाही.

याच काळात मळ्यात घोडे आले. ट्रॅक्टरच्या वजनानं ओळींमधली माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून घोड्यांनी मशागत करायची. मला या मळ्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

या द्राक्षांची वाइन तळघरात होते, तेही थोडक्यात सांगतो. रस आंबतो तो द्राक्षांबरोबर आलेल्या यीस्टवर, बाहेरचं विरजण नाही. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकावरही, म्हणजे सल्फाइटवर, बंधन आहे: युरोपात कोरड्या लाल वाइनमध्ये एरवी लिटरला 150 मिलिग्रॅम सल्फाइट चालतं, सेंद्रिय वाइनमध्ये 100. हा नियम 2012 चा. त्याआधी बाटलीवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून’ एवढंच लिहिता येई.

मग 2018 चा ओला वसंत आला. डाऊनी पुन्हा तशीच, किंबहुना जास्त. हाताशी रासायनिक औषध होतं, 2007 चा अनुभवही होता. या वेळी तेस्रों यांनी ते वापरलं नाही. सुमारे दोन-तृतीयांश पीक गेलं. उरलेली द्राक्षं माणसांनी हातानं तोडली, निवडली, आणि त्या वर्षीची वाइन तेवढ्यातच झाली.