हार्ट-लंग मशीनवरची किडनी

मंडळी, आजचा विषय ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंनी पेशींना होणाऱ्या इजेचा आहे, म्हणून ती इजा रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट औषधांची यादी मिळेल अशी काहींची अपेक्षा असेल. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेत किडनी वाचते ती मुख्यतः हार्ट-लंग मशीनचा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राचा, पंप कसा चालवला यावर, आणि हे मी हिशोब मांडूनच सांगणार आहे.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडनीला मिळतो. त्यातलं बहुतेक रक्त बाहेरच्या थरातच फिरतं. आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, ऑक्सिजनचा दाब निरोगी माणसातही जेमतेम 10 ते 20 मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. तिथल्या नलिका मात्र मीठ परत खेचण्याचं कष्टाचं काम करत असतात. आवक कमी आणि खर्च मोठा, त्यामुळे पुरवठा थोडा घटला तरी पहिला फटका तिथेच बसतो.

आता मशीन जोडा. सर्किट, म्हणजे रक्त फिरवणाऱ्या नळ्या आणि यंत्राचे भाग, भरायला साधारण एक ते दीड लिटर द्रव लागतो. तो रक्तात मिसळला की 12 चं हिमोग्लोबिन (100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅम) सहज 8 वर येतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं, म्हणजे एका लिटर रक्तात सुमारे 107 मिलिलिटर. शरीराच्या दर चौरस मीटरला मिनिटाला 2.4 लिटर हा नेहमीचा प्रवाह ठेवला, तर दर चौरस मीटरला मिनिटाला 257 मिलिलिटर ऑक्सिजन पोचतो. हवा किमान 280. म्हणून प्रवाह 2.6 ते 2.7 पर्यंत न्यावा लागतो, आणि हिमोग्लोबिन 7 असेल तर थेट 3 वर. (नुसता विरघळलेला ऑक्सिजन या हिशोबात धरलेला नाही, तो थोडाच असतो.) 2018 साली प्रसिद्ध झालेल्या गिफ्ट चाचणीत 280 ची किमान मर्यादा पाळल्यावर किडनीच्या सौम्य इजा कमी झाल्या, गंभीर इजांमध्ये फरक दिसला नाही. तरीही, रक्तदाब ठीक आहे म्हणून प्रवाह कमीच ठेवायचा ही सवय सोडली पाहिजे. आकुंचलेल्या रक्तवाहिन्यांमुळेही दाब चांगला दिसतो. सर्किटच्या नळ्या आखूड ठेवणं आणि सुरुवातीला रुग्णाचंच रक्त नळ्यांत मागे घेऊन तेवढा द्रव काढून टाकणं, या दोन गोष्टींनी हिमोग्लोबिन बरंच वाचतं.

दुसरं संकट फुटलेल्या लाल पेशींचं. रोलर पंप, म्हणजे फिरत्या रुळांनी नळी दाबून रक्त ढकलणारा पंप, फार घट्ट लावला तर पेशी चिरडतात, सैल ठेवला तर रक्त मागे फिरून घुसळतं. पण सर्वांत जास्त नासधूस करतं ते सक्शन, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी सांडलेलं रक्त ओढून घेणारी नळी, कारण जोराच्या ओढीत हवा आणि रक्त एकत्र खेचलं जातं. पेशींतून सुटलेल्या हिमोग्लोबिनला रक्तातलं हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन पकडतं. ते संपलं की उरलेलं हिमोग्लोबिन किडनीत गाळलं जातं. तिथे त्यातलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा पेशींना जाळणारा रेणू तयार करतं (हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस), आणि मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून सक्शन गरजेपुरतंच सुरू ठेवा आणि पंप चालू असतानाच पिशवीतल्या लघवीचा रंग पाहत राहा. गुलाबी किंवा तांबूस रंग दिसला तर सर्वांत आधी सक्शन आणि पंपाचा दाब तपासा.

मशीनवर थंड केलेलं शरीर परत गरम करतानाही घाई नको. ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून, बाहेर पडणारं रक्त 37 अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

औषधांचं काय? एन-ॲसिटिलसिस्टिन या अँटिऑक्सिडंटने चाचण्यांत भरवशाचा फायदा दाखवला नाही. सोडियम बायकार्बोनेटचा पहिला छोटा निकाल आशादायक होता, मोठ्या चाचणीत तो टिकला नाही. शस्त्रक्रियेच्या तोंडावर रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध सुरू केल्यावर, 2016 च्या स्टिक्स चाचणीत, किडनीची इजा उलट वाढलेली आढळली. 2024 च्या प्रोटेक्शन चाचणीत मात्र शिरेतून अमिनो ॲसिड दिल्यावर इजेचं प्रमाण 31.7 वरून 26.9 टक्क्यांवर आलं. ते रुग्ण 3511 होते, त्यामुळे हा निकाल गांभीर्याने घ्यायला हवा.

शेवटी आयसीयू. पहिल्या दिवशी अंगात भरलेल्या द्रवामुळे क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला घटक) पातळ होतं आणि आकडा फसवतो. 48 तासांत 0.3 मिलिग्रॅमची (100 मिलिलिटर रक्तामागे) वाढ ही इजाच समजायची, पण त्याआधी लघवी पाहा: सहा तास सलग किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल, तर प्रथम हृदयाचं पंपिंग आणि रक्तदाब तपासा, आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं त्या रात्रीच बंद करा.